पर्यायी तास

सही त्याची होती, फक्त त्याने ती केलेली नव्हती. फॉर्म घेऊन तो खिडकीपाशी गेला, उजेडात तिरका धरून पाहिला, चष्मा काढून पाहिला, पुन्हा घालून पाहिला. पहिल्या अक्षराचा फेर, मधला घाईतला उतार, शेवटी खाली ओढलेली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. टिंबं दोनच का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. वडील देत असत म्हणून तोही देई. सगळं जिथल्या तिथे होतं. जरा जास्तच जिथल्या तिथे होतं. इतकी नीट सही त्याला स्वतःला गेल्या वीस वर्षांत जमली नव्हती. आणि सहीच्या वर, 'माझा पाल्य धर्मपरिचयाच्या तासाला बसेल' या ओळीपुढच्या चौकटीत, निळ्या शाईची ठसठशीत खूण. पाल्याच्या रकान्यात त्याच्या मुलीचं नाव.

शाळा सरकारी, तो तिथला गणिताचा शिक्षक, आणि अकरा वर्षांपासून शाळेचं वेळापत्रक त्याच्या गळ्यात. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत त्याचं नाव तासमास्तर पडलं होतं. ऑफिसच्या बाजूच्या चिंचोळ्या खोलीत भिंतभर एक लाकडी फळा होता आणि त्यावर टाचण्यांनी टोचलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. प्रत्येक शिक्षकाचा रंग वेगळा. एकाच उभ्या रांगेत एकच रंग दोनदा आला, की समजायचं घोटाळा आहे. एक माणूस दोन वर्गांत उभा राहू शकत नाही. या फळ्यावर त्याचा जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता. माणसं आज एक बोलतात उद्या दुसरं. चिठ्ठी टोचली तिथे राहते. वर्षाच्या सुरुवातीला वरून परिपत्रक आलं, की यंदा सातवीला आठवड्यातून एक तास धर्मपरिचय शिकवायचा. तेव्हा पालकांच्या सभेत उभं राहून तीन तास भांडणारा तो एकटाच होता. सरकारी शाळेत धर्म शिकवायचा नाही. शिकवायचाच असेल तर ज्याला नको त्याला बाहेर बसायचा हक्क हवा, आणि बाहेर म्हणजे अंगणात नाही, त्यालाही तास हवा, खोली हवी. लोक जांभया देत होते. कोणीतरी मागून म्हणालं, "अहो, चार चांगल्या गोष्टी कानावर पडल्या तर पोरं काय बिघडणार आहेत?" त्यावर तो म्हणाला होता की चांगल्या गोष्टींचं कुणाला वावडं नाही, पण त्या सांगणारा कोण आणि त्याला पाठवणारा कोण, हे मी विचारणार. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कंटाळून म्हणाल्या, "ठीक आहे. एक जरी मूल असलं तरी पर्यायी तास राहील. एकही नसलं, की बंद." तेव्हा सगळ्यांसमोर त्याने जाहीर केलं होतं, "एक तर आहेच. माझी मुलगी."

ती एक आता नव्हती. दुसऱ्या सत्रासाठी आलेले सातवीचे सगळे फॉर्म त्याने दोनदा तपासले. पहिल्या सत्रात 'बसणार नाही' म्हणणारे सात जण होते. एकेक करून सहा जण आत गेले, तेव्हाच त्याला वास आला होता. कोणीतरी घरोघर जाऊन पालकांचे कान भरतंय. पण कोण, ते सापडत नव्हतं. आणि आता कुंपणाच्या आतूनच कोणीतरी शेत खाल्लं होतं. पहिलं बोट बायकोकडे वळलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, दिवसभर 'हे दिसतंय का, आता दिसतंय का' विचारते, आणि घरी आल्यावर त्याला म्हणते, "तुम्हाला सगळीकडे काळंबेरं दिसतं. नंबर तपासून घ्या एकदा." महिन्याभरापूर्वी ताटं घेताना ती सहज म्हणाली होती, "बसू दे ना तिला त्या तासाला. एवढं काय!" सहज. इतकं सहज की त्याचा घास हातातच राहिला होता. बायको त्याच्यासमोर कधी देवाला हात जोडत नाही. पण सकाळी दार ओढून घेऊन ती आत पाच मिनिटं काय करते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं, पण मोजलं होतं. पाचच मिनिटं. कधी सहा. सोळा वर्षं एका छताखाली काढून माणसाला दाराबाहेर उभं राहून मिनिटं मोजावी लागतात, ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तरी ही सही बायकोच्या हातची नव्हती. ती किराणाच्या यादीतसुद्धा अक्षरं पाडून लिहायची. असा फेर काढणं तिच्या बापजन्मात जमलं नसतं.

फेर काढायला हात चित्रकाराचा हवा. हे मनात आलं आणि तो खुर्चीत सावरून बसला. धर्मपरिचय शिकवत होते चित्रकलेचे सर. नवीन तासासाठी जागा करायची म्हणून चित्रकलेचा एक तास त्यानेच फळ्यावरून उपटला होता; सरांचे तास कमी भरायला लागले, नोकरी डळमळली, तेव्हा धर्माचं पुस्तक त्यांनी मुकाट्याने उचललं. मवाळ माणूस. बोटांना कायम रंग, आवाज असा की समोरच्याने पुढे झुकून ऐकावं. नेमका याच आवाजाचा त्याला संशय होता. मोठ्याने बोलणाऱ्याला उत्तर देता येतं. हळू बोलणाऱ्याच्या जवळ जावं लागतं. परवाच पाण्याच्या टाकीपाशी गाठून ते म्हणाले होते, "तुमच्या मुलीशी एकदा बोला सर. हुशार पोर आहे. एकटी पडते." त्याने रुमालाने तोंड पुसत म्हटलं होतं, "माझ्या मुलीची काळजी मला आहे." सर रंगीत बोटं पुसत निघून गेले होते. आता त्या वाक्याची एकेक घडी त्याने उलगडून पाहिली. एकटी पडते. म्हणजे आधी एकटी पाडा, मग जवळ घ्या. ही रीत त्याच्या ओळखीची होती.

तो स्वतः आठ वर्षांचा असताना त्याच्या शाळेत हा तास सक्तीचा होता. त्या तासाच्या बाई दिसायला गोड होत्या आणि पदराला नेहमी साबणाचा वास. एक दिवस त्यांनी पोरांना विचारलं, तुमच्या घरी सकाळी उठल्यावर काय करतात? एकेक जण उठून सांगत होता. त्याची पाळी आली तेव्हा तो खरं सांगून बसला, की आमच्या घरी सकाळी उठल्यावर वडील वर्तमानपत्र वाचतात. वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सगळी डोकी नुसती त्याच्याकडे वळली. बाई म्हणाल्या, "बस हं बाळ," आणि त्या 'हं'मध्ये एवढी दया होती की त्याचे कान पेटले. घरी येऊन सांगितल्यावर वडिलांनी वर्तमानपत्र खाली न घेता म्हटलं, "सगळे म्हणतात ते म्हणावं. आपलं ते खिशात ठेवावं." त्या दिवशी त्याला बाईंपेक्षा वडिलांचा राग जास्त आला. आपण बाप झालो की आपल्या पोराला काही खिशात ठेवायला लावणार नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं. आणि गंमत अशी की मुलगी झाली तीच खिशाची. दोन वर्षांची असल्यापासून खडे, बटणं, बिया, काय सापडेल ते फ्रॉकच्या खिशात कोंबायची, म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं. खिशात हात घातला की हात धरायची. "माझं आहे."

दार वाजलं. मोठ्या बाई दारातूनच बोलल्या, आत यायची त्यांना सवय नव्हती. "झाले का सातवीचे फॉर्म? मधल्या सुट्टीत आकडा द्या म्हणजे वर कळवून टाकते. किती आहेत या खेपेला?"

"बघतोय," तो म्हणाला आणि कोपराखाली फॉर्म झाकला.

"एकच ना? तुमचंच असेल. नसलं तर सांगा, एक भानगड मिटेल माझी." त्या हसल्या. वाईट बाई नव्हत्या. त्यांना फक्त कमी भानगडी हव्या होत्या. जाता जाता थांबून म्हणाल्या, "आणि सह्या नीट बघा हं. नववीतल्या एकाने बापाची सही ठोकली होती, चार दिवस घरी बसवला आणि शेऱ्यात लिहून दिलं. नियम तो नियम."

पावलं लांब गेली. आता त्याच्यापुढे सरळ हिशेब होता. सही खोटी म्हणून सांगावं, तर फॉर्म आणून देणाऱ्या पोरीच्याच शेऱ्यात कायमचं लिहिलं जाणार. खरी म्हणावं, तर आकडा शून्य. पर्यायी तास बंद, पुढच्या वर्षी फॉर्मही नाहीत, आणि धर्म इतिहास-भूगोलासारखा गुपचूप वेळापत्रकात जाऊन बसणार. तिसरी वाट खणात होती. कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा. त्याने एक काढला, मुलीचं नाव लिहिलं, 'बसणार नाही'पुढे खूण केली आणि सही केली. कोणाला कळणार होतं? खोटं तरी काय होतं त्यात? सही खरी, बाप खरा, मत खरं. दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले तेव्हा मात्र त्याला स्वतःचंच हसू आलं. कोणालाही विचारलं असतं, यातली बनावट कोणती, तर त्याने हात थरथरल्यासारखी दिसणारी ही नवी सही दाखवली असती. हसू लवकर विरलं. खारू शाळा सुटल्यावर सोबत घरी येईल, काही बोलणार नाही, आणि पुढच्या गुरुवारी तिला कळेल की तिचा फॉर्म बदललाय. कोणी बदलला तेही कळेल. कळू दे, तो मनाशी म्हणाला. बाप आहे मी तिचा.

वेळापत्रकात दुसऱ्या सत्रासाठी पर्यायी तासाची चिठ्ठी पुन्हा टोचायची होती, म्हणून तो उठून फळ्यापाशी गेला. गुरुवार, चौथा तास. चिठ्ठी पांढरी होती. वर त्याच्याच अक्षरात: 'सातवी पर्यायी – खोली १९ – ज्यांचा तास रिकामा असेल ते.' वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या चिठ्ठ्या बसल्यावर ही एक हातात उरली होती. तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, बायकोचा फोन येऊन गेला होता, आणि पांढरी चिठ्ठी कुठेही टोचली तरी कुणाच्या रंगाशी भांडत नव्हती. त्याने टोचली आणि दिवा बंद करून घरी गेला. आता सहज म्हणून गुरुवारच्या चौथ्या तासाच्या रांगेवरून त्याने बोट खाली नेलं. निळा, तांबडा, पोपटी, करडा, त्याचा स्वतःचा पिवळा. बोट तळापर्यंत आलं. त्याने पुन्हा वरून सुरुवात केली, या वेळी शिक्षक मोजत. एकही माणूस रिकामा नव्हता. सत्राच्या एकाही गुरुवारी रिकामा नव्हता. घोटाळा सापडायला रंग दोनदा यावा लागतो. ज्या तासाला माणूसच नाही त्याचा घोटाळा फळ्यावर दिसतच नाही. आणि एकोणीस नंबर म्हणजे कुठली खोली, हे आठवायला त्याला थोडा वेळ लागला.

चौथ्या तासाची घंटा झाली. आज गुरुवारच होता, सत्रातला शेवटचा. आठवीच्या वर्गात जाऊन त्याने फळ्यावर तीन गणितं लिहिली, मॉनिटरला उभं केलं आणि निघाला. अकरा वर्षांत तो तास सोडून कधी बाहेर पडला नव्हता. पोरं माना वळवून बघत राहिली. जिन्याखालून, प्रयोगशाळेच्या मागून, पाण्याच्या टाकीवरून पुढे, जिथे व्हरांडा संपतो तिथे एकोणीस नंबर. वाटेत सातवीच्या मोठ्या वर्गातून चित्रकलेच्या सरांचा तो मवाळ आवाज येत होता आणि मग सगळी पोरं एकदम हसली. हसण्यासारखं काय असतं त्यात, हे त्याला जाणून घ्यावंसं वाटलं.

खोलीत मोडक्या बाकांची चळत छताला टेकली होती. खिडकीपाशी एक धड बाक होता. त्याच्यावर त्याची मुलगी बसलेली, समोर कच्ची वही. त्याला बघून ती उठून उभी राहिली. "सर," ती म्हणाली. शाळेच्या आवारात त्याला बाबा म्हणायचं नाही, असा त्याचाच नियम होता.

"बस. कोणाचा तास आहे इथे?"

"कोणाचाच नाही."

"आज कोणी आलं नाही?"

"कधीच येत नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, माहिती होती.

"आणि ते बाकीचे? सात जण होतात ना?"

"दोघं पहिल्याच महिन्यात गेले. एकीच्या आईला वाटलं इथे ढ मुलांना बसवतात. मग बाकीचेही गेले. ढ खोली म्हणतात हिला सगळे." ती बाकाची कड नखाने खरवडत होती. "मला विचारतात, तू काय केलंस म्हणून तुला बाहेर काढलंय? मी सांगते काही नाही केलं. ते म्हणतात, काहीतरी केलंच असशील, उगीच कोण बसवेल?"

तो एका मोडक्या बाकाला टेकला; बाक कलला, म्हणून पुन्हा सरळ उभा राहिला. दाराच्या मागे, इतर सगळ्या खोल्यांत असतं तसं, शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. तळाशी त्याची सही. ही एकच सही तो वर्षातून एकदा बसून, जपून करत असे, कारण ती अठ्ठावीस खोल्यांत लागायची. कच्च्या वहीच्या उघड्या पानावर तीच सही वरपासून खालपर्यंत काढलेली होती. पान उलटलं, तर मागेही. सुरुवातीच्या वेड्यावाकड्या, मग सुधारत गेलेल्या, शेवटी मूळ सहीपेक्षा चांगल्या. दोन टिंबं कुठेही चुकली नव्हती.

"चित्रकलेच्या सरांनी सांगितलं का हे करायला?" विचारू नये ते त्याने विचारलंच.

"त्यांनी? नाही." तिला नवल वाटलं. "ते तास सुरू व्हायच्या आधी दारात येतात कधी कधी. म्हणतात, मागच्या बाकावर येऊन बस, ऐकू नकोस हवं तर, चित्र काढ. मी नाही म्हणायचे."

"का?"

"तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना, माझी मुलगी बसणार नाही म्हणून."

"आईला माहीत आहे?"

"आई म्हणाली, बाबांना विचार. मी विचारणार होते." तिने वहीची कड सरळ केली. "मग सहीच केली."

"तुला पटतं का ते, आत शिकवतात ते?"

"मला काय माहीत? मी कधी ऐकलंच नाही." मग खाली बघत, "ते हसतात तेव्हा इथपर्यंत ऐकू येतं."

त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. पण इथे तो सर होता, आणि हात पुढे आला असता तर ती कदाचित खिशाकडे येतोय असं समजून मागे सरली असती. तो म्हणाला, "सही माझीच आहे म्हणून सांगतो मी मोठ्या बाईंना. पुढच्या गुरुवारपासून आत बस." तिने मान वर केली, पण चेहरा उजळला नाही. तो पुढे म्हणाला, "अगं, पण मला सांगायचं नाहीस का इतके दिवस? मला काय कल्पना, इथे कोणी येत नाही म्हणून?"

"वेळापत्रक तर तुम्हीच करता," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, मुद्दामच बसवलंय. मी टिकते का बघायला."

"मला माहीत नव्हतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळे किंचित बारीक करून, मान तिरकी करून, उजेडात कागद धरून बघावा तसं. ही नजर त्याला चांगली ठाऊक होती. रोज दाढी करताना घरातल्या आरशात त्याला हीच दिसायची. मग ती "बरं" म्हणाली आणि वही मिटली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि बसावा म्हणून दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं. आयुष्यभर त्याने माणसांकडे पुरावे मागितले होते.

मधल्या सुट्टीत त्याने आकडा आणि मुलीचा फॉर्म नेऊन दिला. स्वतः भरलेला दुसरा फॉर्म तोपर्यंत फाडून टाकला होता. मोठ्या बाईंनी कागद लांब धरून पाहिला. "शून्य? ही तुमचीच सही ना? नाही, तुमचा स्वभाव माहीत आहे म्हणून विचारते."

"माझीच."

"मला वाटलंच होतं, कधी ना कधी तुम्ही समजून घ्याल." बाईंचा लगेच विश्वास बसला. आजवर तो त्यांच्याशी खरं बोलत आला होता, त्यातल्या कशावर त्या इतक्या चटकन विश्वासल्या नव्हत्या.

"पण बाई, तास बंद करू नका. ही चूक माझी आहे. मी त्या तासाला शिक्षकच दिला नव्हता. खोलीही अडगळीची. म्हणून पोरं गेली. हे शून्य खरं नाही. नीट खोली देऊ, माणूस देऊ, आणि पुन्हा फॉर्म मागवू."

बाईंनी कागदावर शिक्का मारला आणि शिक्का पुसत त्याच्याकडे थोड्या आपुलकीने पाहिलं. "सर, तुम्ही स्वतःची मुलगी आत पाठवताय आणि लोकांच्या मुलांसाठी बाहेर खोली मागताय? कोणाला सांगू मी हे?" खरं सांगितलं असतं तर खारूला चार दिवस घरी आणि शेरा. बाई म्हणाल्या, "जाऊ द्या. पुढच्या वर्षी ते फॉर्म वाटणंच नको, किती कागद जातो." हरलो, असं त्याला वाटलं. तीन तास भांडून जे मिळवलं ते आपल्याच हाताने घालवलं, आणि ज्याच्याकडून हरलो तो माणूस शोधूनही सापडत नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं. चित्रकलेचे सर व्हरांड्यात भेटले. त्यांनी नमस्कार केला. त्यानेही केला, आणि मग थांबून काहीतरी बोलावं असं वाटलं, पण सर तोवर पुढे गेले होते.

शाळा सुटल्यावर बापलेक नेहमीसारखे चालत निघाले. फाटकाबाहेर पडल्यावर ती त्याला बाबा म्हणायला मोकळी होती. कोपऱ्यावर सायकलची दुकानं, मग शिंप्याचं, मग बायकोच्या दुकानाची पाटी. तो मनात पुढच्या सत्राची मांडणी करत होता. एकोणीस नंबर आता मोकळा. गुरुवारी चौथ्या तासाला आठवीचं गणित पाचव्यावर नेलं, की आपला चौथा रिकामा होतो. मग सातवीच्या वर्गावरून सहज एक चक्कर मारता येईल. थांबायचं नाही, आत डोकावायचं नाही, नुसतं व्हरांड्यातून जायचं. सर काय सांगतात तेवढं कानावर पडेल, खारू कुठे बसलीय तेवढं दिसेल. त्यात वाईट काय आहे?

"बाबा," ती म्हणाली.

"काय गं?"

"पुढच्या गुरुवारपासून मी आत बसायचं ना? नक्की?"

"नक्की."

ती चार पावलं तशीच चालली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तू बाहेरून बघणार नाहीस ना?"

"नाही," तो म्हणाला. ती थांबून त्याच्या तोंडाकडे बघायला लागली, आणि त्याला दुसरीकडे बघावं लागलं.